नळीवरचं नाव आणि डब्यातलं काडतूस

अमेरिकेतल्या बऱ्यापैकी मोठ्या बंदुकीच्या दुकानात जाऊन ‘.४५-७० गव्हर्नमेंट’ची काडतुसं मागितली, तर दुकानदार दोन वेगवेगळे डबे पुढे ठेवू शकतो. दोन्ही डब्यांवर काडतुसाचं नाव एकच असतं, लांबी-जाडीही एकच, त्यामुळे एक ज्या रायफलीत बसेल त्यात दुसरंही बसतं. पहिल्या डब्यातली गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे साधारण २६ ग्रॅमची, आणि ती सेकंदाला सुमारे १,३३० फूट वेगाने निघते. दुसऱ्या डब्यातली तेवढ्याच वजनाची गोळी त्याहून बरीच जोरात सुटते आणि डब्यावर सूचना छापलेली असते की जुन्या ट्रॅपडोअर रायफलीत हे काडतूस वापरू नये. ज्याच्या हातात १८८० च्या दशकातली ट्रॅपडोअर आहे आणि ज्याने ही सूचना वाचलेली नाही, त्याची रायफल पहिल्याच बाराला फुटू शकते. तेव्हा त्याचा गाल दस्त्याला टेकलेला असतो आणि फुटणारा भाग त्याच्या डोळ्यापासून वीतभरही लांब नसतो.

एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या शिकारी रायफली, म्हणजे एकबारी किंवा ‘सिंगल शॉट’ रायफली, अमेरिकेच्या जुन्या मालाच्या बाजारात भरपूर मिळतात. त्यांना मॅगझिन नसतं. नळीची मागची बाजू उघडायची, हाताने काडतूस घालायचं, बंद करायचं, बार काढायचा. रचना इतकी साधी असल्यामुळे घेणाऱ्याला वाटतं की यात तपासायचं काय आणि चुकायचं काय. मला मात्र रायफलींच्या सगळ्या प्रकारांत जुनी एकबारी घेतानाच सर्वांत जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात असं वाटतं. कारण या एका प्रकारात दीडशे वर्षांचं पोलाद एकाच काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, आणि नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव ती रायफल किती दाब सोसेल हे सांगत नाही.

.४५-७० चीच गोष्ट नीट पाहू. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर सरकारकडे ठासणीच्या बंदुकांचा प्रचंड साठा उरला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातल्या अर्स्किन ॲलिन या मुख्य कारागिराने त्या नळ्यांची मागची बाजू कापून तिथे बिजागरीवर वर उघडणारं एक झाकण बसवलं. झाकण उचलायचं, काडतूस सरकवायचं, झाकण पाडायचं. याच रचनेची १८७३ ची ट्रॅपडोअर रायफल अमेरिकी सैन्याने स्वीकारली आणि तिच्यासाठी .४५-७० जन्माला आलं: .४५ इंच व्यासाची गोळी आणि ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम, काळी दारू. काळी दारू धूर आणि काजळी भरपूर करते, पण तिचा दाब बेताचा असतो. ते झाकण आणि त्याची खिटी त्या दाबाच्या हिशोबाने केलेली होती, आणि त्या हिशोबात ती चांगलीच होती.

मग बिनधुराची दारू आली. तिच्या तेवढ्याच चिमटीत कितीतरी जास्त ऊर्जा असते. अमेरिकेत काडतुसांच्या दाबाची मर्यादा ‘सॅमी’ नावाची उद्योगसंस्था ठरवते. तिने .४५-७० ची कमाल मर्यादा आजही दर चौरस इंचाला २८,००० पौंडांवर ठेवली आहे, ती याच जुन्या रायफलींचा विचार करून. तुलनेला .३०-३० ची मर्यादा ४२,००० आहे, .३०-०६ ची ६०,००० आणि .३०८ ची ६२,०००.

आता १९६७ साली बाजारात आलेली रुगर नंबर वन घ्या. बिल रुगर यांनी ती १८७२ मध्ये पेटंट झालेल्या जॉन फर्कर्सनच्या स्कॉटिश रचनेवरून प्रेरणा घेऊन बनवली. चापाभोवतीची पट्टी खाली ओढली की पोलादाचा जाड ठोकळा चौकटीतल्या खोबणीतून सरळ खाली उतरतो, आणि पट्टी वर घेतली की नळीच्या मागे घट्ट बसतो. बार उडतो तेव्हाचा मागचा रेटा हा ठोकळा आणि खोबणीच्या भिंती मिळून घेतात. हीच चौकट .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या तगड्या काडतुसालाही पुरते. म्हणून .४५-७० मधली नंबर वन आणि .४५-७० मधली ट्रॅपडोअर यांच्या नळीवरची अक्षरं सारखी असली, तरी पहिली दुसरीच्या दुपटीच्या आसपास दाब सहज घेते. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांच्या पुस्तकांत .४५-७० साठी तीन वेगळे विभाग असतात ते यामुळेच: एक ट्रॅपडोअरसाठी, मधला मार्लिनसारख्या लिव्हर रायफलींसाठी, तिसरा रुगर नंबर वनसारख्यांसाठी. तिसऱ्या विभागातला भार पहिल्या विभागातल्या रायफलीत घालणं म्हणजे रायफल तर जाणारच, कदाचित हातही.

जॉन ब्राउनिंग यांची १८८५ ची ‘हाय वॉल’ याच दोघींच्या मध्ये उभी आहे. युटामधल्या ऑग्डेन गावातल्या या तरुण कारागिराकडून विंचेस्टर कंपनीने १८८३ मध्ये तिचे हक्क विकत घेतले. तिचाही ठोकळा खाली उतरतो आणि रचना मुळातच मजबूत आहे. जपानच्या मिरोकू कारखान्यात ब्राउनिंग आणि विंचेस्टरच्या नावाने तयार झालेल्या अलीकडच्या हाय वॉल आजच्या पोलादाच्या आहेत, त्या निर्धास्त घ्याव्यात. एकोणिसाव्या शतकातली मूळ हाय वॉल मात्र तिच्या काळाच्या काडतुसांवरच ठेवावी. ट्रॅपडोअरची पायरी तिला पुरेशी आहे.

बाजारात सर्वांत जास्त आणि सर्वांत स्वस्त सापडते ती हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची ‘हँडी-रायफल’. दुनळी बंदुकीसारखी मधून मोडून उघडणारी, बाहेर घोडा असलेली, दिसायला अगदी साधी. मूळ कंपनी १९८६ मध्ये बंद पडली, १९९१ पासून ‘एच अँड आर १८७१’ या नावाने मॅसॅच्युसेट्सच्याच गार्डनर गावात पुन्हा उत्पादन सुरू झालं, पुढे मालकी बदलत गेली आणि २०१५ मध्ये ते थांबलं. तिला मागणी राहण्यात काही राज्यांच्या शिकारीच्या नियमांचाही हात आहे. मिसिसिपीत ‘प्रिमिटिव्ह वेपन’ नावाचा वेगळा मोसम असतो. त्यात ठासणीच्या बंदुकांबरोबर .३५ किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या, बाहेर घोडा असलेल्या एकबारी रायफलींनाही परवानगी मिळाली आणि .३५ व्हेलन व .४५-७० मधल्या हँडी-रायफली तिथे घरोघरी पोचल्या. ओहायोसारख्या सपाट, दाट वस्तीच्या राज्यांनी हरणाच्या शिकारीत रायफलीची फक्त सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसं चालतील असा नियम केला. त्यांची गोळी फार लांब जात नाही. तिथेही या रायफलींना गिऱ्हाईक मिळालं.

हँडी-रायफल हातात आली की आधी ती रिकामी आहे हे उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. विक्रेत्याने आत्ताच बघितलं असेल तरी बघा. मग पुढचा लाकडी भाग एका स्क्रूवर असतो, तो विक्रेत्याच्या परवानगीने काढा. तो जागेवर असताना सैलपणा झाकला जातो. आता बंद केलेल्या रायफलीची नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. जरा जरी खडखड जाणवली तरी बिजागरीची खीळ किंवा खालची खिटी झिजलेली आहे. नळीच्या मागचा भाग आणि चौकटीची उभी भिंत यांच्यातली फट उजेडासमोर धरून बघा. जमलं तर गॅरेजवाल्यांकडे असतं तसं फीलर गेज सरकवून मोजा. ही फट जेवढी मोठी, तेवढी पुंगळी बार उडताना मागे ताणली जाते आणि शेवटी फाटते. खिटीची पट्टी तीन-चार वेळा उघडून बंद करा. ती दर वेळी तेवढ्याच ठिकाणी, तेवढ्याच ठसक्याने बसली पाहिजे.

पण या रायफलीतला खरा धोका हाताला लागत नाही. कंपनी दोन प्रकारच्या चौकटी बनवत असे. एसबी-१ ही छर्ऱ्याच्या बंदुकांसाठी आणि कमी दाबाच्या काडतुसांसाठी, एसबी-२ ही जास्त दाबाच्या रायफल काडतुसांसाठी. कंपनी ग्राहकाची चौकट मागवून घेऊन तिला जादा नळ्या कारखान्यात घासून जुळवून देत असे. कारखाना बंद झाल्यावर सुट्या नळ्या हातोहात फिरू लागल्या. कुणी बारा बोअरच्या चौकटीवर .२४३ ची नळी चढवलेली असते. ती बसते, बंद होते, चापही पडतो. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ही चौकट कारखान्यातून कोणत्या नळीसकट निघाली? उत्तर ‘शॉटगन’ असेल, किंवा उत्तरच नसेल, तर किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी सोडून द्या.

थॉम्पसन सेंटरच्या कंटेंडर आणि एन्कोर या रायफलींचा प्रकारही असाच. तिथे नळ्या बदलणं हाच मूळ हेतू आहे आणि काम चोख आहे. कंटेंडर ही जुनी आणि नाजूक, .३०-३० च्या पातळीची. एन्कोर १९९६ नंतरची आणि .३०८, .३०-०६ घेणारी. या रायफलींच्या मालकांनी पाळावा असा नियम म्हणजे टेबलावर एका वेळी एकाच नळीची काडतुसं. .२२३ च्या पुंगळीवरूनच तयार झालेलं .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्या नळीत चुकून बसू शकतं. मग .३० ची गोळी .२२ च्या भोकातून जायला बघते आणि सगळा दाब मागे येतो.

नळी कोणत्याही रायफलीची असो, मागून उजेड धरून आत बघायचं. आटे धारदार आहेत का, गंजाचे खड्डे आहेत का, हे तर दिसतंच. पण डोळा नळीच्या पूर्ण लांबीवर सावकाश फिरवा आणि एखादं काळसर वर्तुळ दिसतं का ते शोधा. असं वर्तुळ म्हणजे तिथे नळी आतून फुगली आहे. केव्हातरी आत चिंधी, चिखल किंवा अडकलेली गोळी असताना बार काढला गेला असेल. जुन्या काळ्या दारूच्या रायफलींमध्ये असं वर्तुळ चेंबरच्या पुढच्या टोकालाही सापडतं. बिनधुराच्या दारूचा थोडासा भार टाकून उरलेली पोकळी बोळ्याने भरली की कधीकधी गोळीच्या बुडाशी दाबाचा तडाखा बसतो आणि पोलादावर कडं उमटतं. अशा रायफलीत पुंगळी अडकून बसते, आणि हे कडं कुठल्याही पॉलिशने जात नाही. शेवटी नळीच्या तोंडावर कान साफ करायची कापसाची काडी आतून बाहेर फिरवा. कापसाचे धागे एखाद्या जागी अडकले तर तिथे कंगोरा आहे. गोळी बाहेर पडताना तिथेच एका बाजूला ढकलली जाते आणि नेम फिसकटतो. एवढी दुरुस्ती बंदूक-कारागीर थोडक्यात करून देतो, त्यामुळे ती भावात घासाघीस करायला उपयोगी पडते.

रुगर नंबर वनमध्ये ताकदीचा प्रश्न नसतो, अचूकतेचा असतो. तिचा पुढचा लाकडी भाग चौकटीतून पुढे आलेल्या एका पोलादी दांडीला अडकवलेला असतो आणि लाकूड हवेप्रमाणे फुगलं-आकसलं की नळीवरचा दाब बदलतो. सुरुवातीच्या काळात नळ्या बाहेरून घेतल्या जात आणि त्यांचा दर्जा कमी-जास्त असे. म्हणून कागदावर मारलेल्या तीन गोळ्यांचा सध्याचा नमुना पाहिल्याशिवाय नंबर वनला मोठी किंमत देऊ नये. कंपनीच्या नोंदींवरून अनुक्रमांकाने उत्पादनाचं वर्ष कळतं, ते आधी बघून घ्यावं.

आता काडतुसाकडे. दाबाची पातळी ठरली की दुसरी गोष्ट म्हणजे नळीतल्या आट्यांचा पीळ. गोळी किती इंचांत एक पूर्ण फेरी घेते यावर ती सरळ उडणार की कोलांट्या खाणार हे ठरतं, आणि गोळी जितकी लांब तितका पीळ जास्त लागतो. .२२ हॉर्नेटच्या बहुतेक जुन्या नळ्यांमध्ये १६ इंचांत एक फेरी असते. तिला ३५ ते ४५ ग्रेनची आखूड गोळी मानवते. ५५ ग्रेनची लांब टोकदार गोळी त्याच नळीतून आडवी होऊन कागदावर चावीच्या भोकासारखं छिद्र पाडते. असं छिद्र दिसलं की ती गोळी त्या रायफलीची नाही, मग डबा कितीही महाग असो.

याच पिळाचा प्रश्न आता कॅलिफोर्नियातल्या शिकाऱ्यांपुढे नव्याने उभा आहे. तिथे १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. मेलेल्या जनावरातले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्निया काँडर ही दुर्मीळ गिधाडं विषबाधेने मरत होती. हा नियम योग्य आहे असं मला ठामपणे वाटतं. पण तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि सावकाश पिळाच्या जुन्या नळीत डळमळते. उपाय सोपा आहे: तांब्याची गोळी एक पायरी हलकी घ्यावी. १५० ग्रेनच्या जागी १३० ची.

.३०-३० मधली एकबारी असेल तर एक जास्तीची सोय मिळते. लिव्हर रायफलीत काडतुसं नळीखालच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक असतात, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोपीवर टेकतं, म्हणून तिथे चपट्या किंवा मऊ टोकाच्या गोळ्याच वापरतात. एकबारीत ती अडचणच नाही. स्वतः काडतुसं भरणारा माणूस तिच्यात टोकदार गोळी वापरून पल्ला वाढवू शकतो. .४५-७० च्या बाबतीत मात्र पल्ल्याचा हव्यास सोडलेलाच बरा. ४०५ ग्रेनचं साधं काडतूस शंभर यार्डांवर लावलं तर दोनशे यार्डांवर गोळी साधारण दोन फूट खाली येते. शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत मात्र हरणाला त्याहून जास्त कशाचीच गरज नाही. खांद्याला बसणारा धक्काही सोसवतो, आणि खांदा दुखला नाही तर माणूस सराव जास्त करतो.

विक्रेता रायफलीबरोबर घरी भरलेल्या काडतुसांचा प्लास्टिकचा डबा फुकट देऊ लागला, तर नको म्हणा. आत किती दारू, कोणती दारू, हे त्या माणसालाही नेमकं आठवत नसतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या लष्करी रायफलीच्या बाबतीत तर अंदाजावर काहीच घेऊ नये. ७ मिलिमीटर माउझरमधल्या जुन्या रेमिंग्टन रोलिंग ब्लॉकमध्ये आजची काडतुसं चेंबरमध्ये ढिली बसतात आणि पुंगळी फाटते. अशी रायफल चालवायची असेल तर कारागिराकडून चेंबरचा साचा काढून घ्यावा. सेरोसेफ नावाचा, उकळत्या पाण्याहून कमी तापमानाला वितळणारा धातू चेंबरमध्ये ओततात. थंड झाल्यावर तो बाहेर येतो आणि मग नळीवर काय कोरलंय यापेक्षा चेंबर खरोखर किती मापाचं आहे हे कळतं. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला राणा काळातला शस्त्रसाठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातल्या स्नायडर, मार्टिनी आणि नेपाळात हाताने घडवलेल्या गहेंद्र रायफली आजही विक्रीला येतात. इतिहासाचे ते देखणे तुकडे आहेत. भिंतीवर लावावेत, त्यातून बार काढू नयेत, विशेषतः गहेंद्रमधून.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी कायद्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. काही अपवाद आहेत, त्यातला महत्त्वाचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. दुकानातून घेताना ४४७३ क्रमांकाच्या अर्जात हे स्पष्ट विचारतात आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुका केंद्रीय कायद्यात पुराणवस्तू मानल्या जातात, पण राज्यांचे नियम निराळे असतात. व्हिसावर असाल तर मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्यापूर्वीही वकिलाला विचारा.

महाराष्ट्रात हा सगळा विषय वाचनापुरताच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथली शिकार बंद केली आणि ते फार चांगलं झालं. बंदूक बाळगायची तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना मात्र १८६९ चा, म्हणजे १८७३ च्या ट्रॅपडोअरहूनही चार वर्षांनी जुना. इंग्रजी फौजेत एकबारी रायफलींची चलती होती तेव्हा तो उभा राहिला.

हे वाचून कुणी परवान्यासह पहिली जुनी एकबारी घ्यायला निघणार असेल, तर माझं मत असं: कारखान्याच्या मूळ नळीसकट असलेली, एसबी-२ चौकटीची, .२४३ किंवा .३०८ मधली हँडी-रायफल घ्या. नेहमीच्या वजनाची सॉफ्ट पॉइंट गोळी असलेली कारखान्याची काडतुसं घ्या, आणि एकाच लॉटचे तीन डबे एकदम घ्या, म्हणजे रेंजवर लावलेला नेम जंगलात बदलणार नाही. पहिले दहा-वीस बार चष्मा आणि कानावर संरक्षण घालून रेंजवरच काढा आणि प्रत्येक पुंगळी बुडाशी कुठे चकाकती रेघ उमटली आहे का ते बघून मगच फेका. तशी रेघ दिसली तर तिथेच थांबा आणि रायफल कारागिराकडे न्या. ट्रॅपडोअरचं मग वर्षभराने बघू.